पानाफुलांतून कापडावर: वस्त्रकलेसाठी निसर्ग कसा पाहावा, कसा उतरवावा

भरतकाम, ॲप्लिके (कापडाचे आकार कापून दुसऱ्या कापडावर शिवणं) किंवा क्रोशा नव्यानं शिकलेल्यांचं पहिलं ‘निसर्गावरचं’ काम बहुधा एकाच प्रकारचं असतं. फुलाचा फोटो काढायचा, तो छापून कापडावर ट्रेस करायचा, पाकळ्या गुलाबी आणि पानं हिरवी भरायची. टाके सुबक येतात, पण कापडाकडे दुसऱ्यांदा कुणी बघत नाही. आकार, रंग, पोत, सावली आणि वाढीची रीत, असं फुलाचं सगळं एकदम घ्यायला गेल्यामुळे हे होतं. दोऱ्याला एका वेळी यातला एखादाच गुण नीट पेलतो.

म्हणून इथली पद्धत मुद्दाम अरुंद ठेवली आहे: एक झाड, त्याचा एक गुण आणि १२ × १२ सेंमीचा एक नमुना. रोज तासभर दिला तर दोन आठवडे पुरतात. चित्रकला यायलाच हवी असं नाही. वहीतली चित्रं कुणाला दाखवायची नसतात, ती डोळ्याला कामाला लावण्यापुरती असतात.

सामान

कोऱ्या पानांची ए-५ वही, २बी आणि ४बी पेन्सिल, दहापट मोठं दाखवणारं हातभिंग, ट्रेसिंग पेपर, मेणाचे खडू, टीपकागद, फूटपट्टी, कोनमापक आणि काळ्या जाड कार्डाचे दोन एल-आकाराचे तुकडे एवढं पाहण्यासाठी. करण्यासाठी २० सेंमी व्यासाची रिंग, साध्या विणीच्या मध्यम जाडीच्या सुती कापडाचा ३० × ३० सेंमीचा तुकडा, सहापदरी भरतकामाचा दोरा आणि ७ ते ९ क्रमांकाच्या भरतकामाच्या सुया. कापड आधी धुवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. कोरं कापड काम झाल्यावर आटलं तर टाक्यांभोवती चुण्या पडतात आणि त्या पुन्हा निघत नाहीत.

भिंग वापरायची एक रीत आहे. ते डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि वस्तू भिंगाजवळ आणायची, साधारण अडीच सेंमीवर. हात लांब धरून बघितलं तर चित्र धूसर आणि इवलंसं दिसतं, आणि मग भिंगच वाईट आहे असं वाटू लागतं.

झाड निवडताना

पहिल्या कामासाठी फूल घेऊ नका. फुलाचा रंग इतका जोरकस असतो की डोळा त्याच्या रचनेपर्यंत पोचतच नाही. त्यापेक्षा वाळकी शेंग, जाळी उरलेलं पान, झाडाची साल, नेच्याची उमलती गुंडाळी, गवताचा तुरा, भेंडीचा किंवा कोबीचा आडवा छेद घ्या. यांत रंग थोडे असतात आणि सांगाडा उघडा असतो.

निवडलेलं झाड रोज दिसेल असं असावं, कारण एकदाच पाहिलेल्या झाडाची आठवण दोन दिवसांत ‘पान म्हणजे बदामाचा आकार’ इथवर घसरते. शक्यतो गळून पडलेलं उचला. तोडायचंच असेल तर भरपूर असेल तिथून थोडं घ्या, आणि संरक्षित जागेत काहीच तोडू नका. कण्हेरीचे सगळे भाग विषारी असतात, रुईचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते, खाजकुइलीच्या शेंगेला हात लावायची सोयच नाही. ओळख पटली नसलेलं झाड ठेचू नका, उकळू नका, जाळू नका.

वहीत उतरवणं

उचललेली वस्तू पांढऱ्या किंवा राखाडी कागदावर ठेवा, मागे दुसरं काही नको. कार्ल ब्लॉसफेल्ट बर्लिनमध्ये उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांना शिकवत. त्यांना दाखवण्यासाठी ते वनस्पतींचे फोटो काढत: पार्श्वभूमी कोरी, झाडाचा एकच भाग, आणि तो काही वेळा तीसपटीपर्यंत मोठा केलेला. १९२८ मध्ये ते फोटो पुस्तकरूपानं आले आणि जगभर पोचले. तसा कॅमेरा हाताशी नसला तरी त्यांची शिस्त उचलता येते. बाकी सगळं काढून टाकायचं आणि जवळ जायचं.

आता एकाच वस्तूवर, एकाच बैठकीत, या क्रमानं चार चित्रं काढा.

पहिलं ३० सेकंदांत. फक्त कल: ती वस्तू कुठे झुकते, वजन कुठे आहे. दोन-तीन रेघा पुरेत.

दुसरं कागदाकडे न बघता. नजर वस्तूच्या कडेवरून मुंगीच्या चालीनं फिरवायची आणि तेवढ्याच गतीनं पेन्सिल चालवायची, पाच मिनिटं. चित्र वेडंवाकडं येणार, पण कडेवरचा प्रत्येक खाच-दाता त्यात आलेला असतो. लवकर संपलं तर समजा की नजर कडेवर नव्हती.

तिसऱ्यात वस्तू काढायचीच नाही, तिच्या फटींतून दिसणारी मोकळी जागा काढायची. पानांमधली, काट्यांमधली, पाकळ्यांमधली. ॲप्लिके करणाऱ्यांना हेच चित्र सर्वांत जास्त उपयोगी पडतं, कारण त्यांना कापायचे असतात ते आकार बहुतेकदा इथे सापडतात.

चौथं मोजून. देठाशी पान किती अंशांत फुटतं? शिरांमधलं अंतर टोकाकडे किती कमी होत जातं? कोनमापक लावा आणि आकडे चित्राशेजारी लिहा.

चौथ्या चित्रात नवख्यांच्या बऱ्याच समजुती गळून पडतात. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंच्या उपशिरा समोरासमोरच निघतात असं आपण गृहीत धरतो, पण पुष्कळ पानांत त्या मागेपुढे निघतात. उपशिरा सरळ कडेला जाऊन थांबतात असंही वाटतं. काही पानांत त्या कडेच्या दातांत संपतात, तर काहींत कडेच्या अलीकडे वळून पुढच्या शिरेला कमानीसारख्या मिळतात. तेवढा एक तपशील बरोबर आला की भरतकामातलं पान खरं वाटू लागतं, मग त्याचा रंग काही का असेना.

शेवटी दोन्ही एल-तुकडे जोडून ५ × ५ सेंमीची चौकट करा आणि ती वस्तूवर किंवा मोठ्या केलेल्या फोटोवर सरकवत न्या. ‘हे कशाचं आहे’ हे पटकन ओळखू येत नाही, पण डोळा तिथे रेंगाळतो, अशा तीन जागा निवडा. त्यांतलीच एक पुढे नमुन्याला जाईल.

छाप घेण्याचे तीन मार्ग

एकच पान तीन पद्धतींनी उतरवलं तर तीन वेगळ्या गोष्टी कळतात. म्हणून निदान एकदा तिन्ही करून पाहाव्यात.

घासून घेतलेल्या छापात शिरा येतात. पान उलटं ठेवा, कारण शिरा खालच्या बाजूनं वर आलेल्या असतात. वर पातळ कागद ठेवून मेणाचा खडू आडवा धरा आणि हलक्या हातानं एकाच दिशेनं फिरवा. पुढेमागे घासलं की कागद सरकतो आणि शीर दुहेरी दिसते. ताजं रसदार पान दाबाखाली चिरडतं, तेव्हा ते आधी रात्रभर टीपकागदात ठेवा.

दाबून वाळवल्यावर बांधा कळतो. पान किंवा फांदी दोन टीपकागदांत ठेवून वर चार-पाच किलो वजन द्या. पहिले तीन-चार दिवस रोज कागद बदला, आठ-दहा दिवसांत काम होतं. कागद बदलायचा कंटाळा केला तर ओल तिथेच राहते, बुरशी धरते आणि पान तपकिरी पडतं. जाड देठ व टपोऱ्या कळ्या ब्लेडनं उभ्या चिरून अर्ध्या करा, नाहीतर त्यांच्या उंचीमुळे शेजारच्या पाकळ्यांवर दाब बसत नाही आणि त्या सुरकुततात.

सायनोटाइपमध्ये मिळते ती फक्त कड. ही निळी छपाई जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधली आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स यांनी तिच्यावर शैवालांचे छाप घ्यायला सुरुवात केली. १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट आणि दुसऱ्या १०० मिलीत १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड अशी दोन द्रावणं वेगवेगळ्या गडद बाटल्यांत करा. लागेल तेवढंच, समभाग, मंद उजेडात एकत्र करून धुतलेल्या सुती कापडाला ब्रशनं लावा आणि अंधारात वाळवा. वर पान ठेवून काचेनं दाबा आणि कडक उन्हात १० ते २० मिनिटं ठेवा. उघडा भाग पिवळट हिरव्यावरून राखाडी झाला की पिवळेपणा जाईपर्यंत साध्या पाण्यात धुवा. निळा पुढच्या दिवसभरात गडद होतो. हातमोजे घाला, भांडी स्वयंपाकघरातली नकोत, आणि फेरिसायनाइड तीव्र आम्लाजवळ किंवा आचेजवळ नेऊ नका. असं कापड सोडा घातलेल्या साबणात किंवा ब्लीचमध्ये धुतलं तर निळा उडतो, हे नंतर त्यावर भरतकाम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. छाप धूसर आला तर पान कापडाला नीट टेकलेलं नव्हतं, उचललेल्या टोकाखाली उजेड शिरला. जाड, गोल, मांसल पानं या पद्धतीला नकोच. नेचा, गवत आणि कातरलेल्या कडांची पानं सुरेख येतात.

ते झाड वाढतं कसं?

इथपर्यंतचं काम दिसण्याचं होतं. पण वस्त्रकलेला निसर्गाकडून मिळणारी मोठी देणगी रूपापेक्षा रीतीत आहे. वेल्क्रो हे त्याचं ठळक उदाहरण: १९४१ मध्ये जॉर्ज द मेस्ट्राल यांनी कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेली बोंडं सूक्ष्मदर्शकाखाली धरली, त्यांना टोकाचे बारीक आकडे दिसले, आणि त्यातून ती पट्टी आली. दिसायला त्यात फूलही नाही, पानही नाही. वाढीच्या तीन रीती अशा आहेत की त्या थेट सुईदोऱ्यानं करता येतात.

पहिली, सूर्यफुलाच्या गड्ड्याची. तिथे प्रत्येक नवं बी आधीच्यापासून सुमारे १३७.५ अंशांवर येतं, म्हणून दोन्ही दिशांनी वळणाऱ्या सर्पिल रांगा दिसतात. त्या मोजल्या तर बहुधा ३४ आणि ५५ अशा जोड्या भरतात. कापडावर हे करायला केंद्र ठरवा आणि एक शून्यरेषा आखा. पहिला ठिपका १३७.५ अंशांवर, दुसरा २७५ वर, तिसरा ५२.५ वर, चौथा १९० वर. दर वेळी १३७.५ मिळवायचे, ३६० ओलांडले की ३६० वजा करायचे. केंद्रापासूनचं अंतर म्हणजे ठिपक्याच्या क्रमांकाचं वर्गमूळ गुणिले ४ मिमी. पहिला ४ मिमीवर, चौथा ८ वर, नववा १२ वर, शंभरावा ४० मिमीवर. प्रत्येक ठिपक्यावर एक फ्रेंच नॉट (दोरा सुईला गुंडाळून घातलेली गाठ) घातली की ८ सेंमी व्यासाचा, कुठेही भोक न पडलेला गड्डा तयार होतो. कोन नेहमी शून्यरेषेपासून मोजा. मागच्या ठिपक्यापासून मोजत गेलात तर अर्ध्या अंशाची चूक पन्नासाव्या ठिपक्यापर्यंत पंचवीस अंशांची होते. आणि ‘जवळपास आहे’ म्हणून १३५ अंश घेतले तर सगळे ठिपके आठ सरळ आऱ्यांत जाऊन बसतात आणि मधे फाकी मोकळ्या राहतात. हे एकदा मुद्दाम कागदावर करून पाहा. अडीच अंशांनी काय होतं ते डोळ्यांना दिसतं.

दुसरी रीत झालरीची. कोबीच्या किंवा समुद्री शैवालाच्या पानाची कड लाटांसारखी का होते? कारण कड मधल्या भागापेक्षा जास्त वाढते, तिला सपाट राहायला जागा उरत नाही, मग ती वरखाली होते. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना तैमिना यांनी १९९७ मध्ये हीच वाढ क्रोशानं विणून अतिपरवलयी (कडेकडे सतत जास्त पसरत जाणारा, लाटांचा) पृष्ठभाग हातात धरता येईल असा केला. करायला अगदी सोपं आहे: २० साखळ्या घाला आणि प्रत्येक ओळीत पाच मुक्या खांबांनंतर एक जास्तीचा खांब घाला. पाचाचे सहा होत जातात, म्हणून दहाव्या ओळीला २० चे सुमारे १२५ होतात आणि कडेला हलक्या लाटा उठतात. दर दोन खांबांनंतर एक वाढवला तर त्याच दहा ओळींत आकडा हजाराच्या वर जातो. गच्च, गुंतलेला गोळा मिळतो आणि दोऱ्याचा गुंडा कधी संपला ते कळत नाही. पहिल्यांदा पाचाचाच हिशोब धरा. वीण सैल झाली तर लाटा उभ्या न राहता लोळतात, त्यामुळे दोऱ्याला लागते त्यापेक्षा एक आकडा बारीक सुई घ्या.

हेच शिवणकामात करायचं तर कापडाचं कडं कापा: आतली त्रिज्या ४ सेंमी, बाहेरची १० सेंमी. आतली कड सुमारे २५ सेंमी भरते, बाहेरची सुमारे ६३. कडं एका जागी उघडं कापून आतली कड सरळ रेषेत शिवली की बाहेरच्या ६३ सेंमीला २५ सेंमीच्या लांबीत मावावं लागतं आणि झालर आपोआप पडते, चुणी एकही न घालता. आतल्या कडेला दर दीड सेंमीवर शिवणीच्या अलीकडेपर्यंत बारीक कात मारा. कात नसेल तर ती कड सरळ होतच नाही आणि शिवण ताणते.

तिसरी घडीची. पंख्यासारख्या ताडाच्या पानाला मूळच्या घड्या असतात. पातळ पान त्या घड्यांच्या जोरावर आपला भार पेलतं. कापडावर एक-एक सेंमीवर समांतर रेघा मारून आलटून-पालटून वर-खाली दुमडा. पॉलिस्टर वाफेच्या उष्णतेनं घडी लक्षात ठेवतं. सुती कापड पहिल्याच धुण्यात विसरतं, तेव्हा सुती असेल तर प्रत्येक उंचवट्याच्या कडेनं बारीक धावदोरा घालून घडी बांधून टाका.

चीडाच्या शंकूचे खवले ओल लागली की मिटतात आणि सुकले की उघडतात, कारण त्यांच्या दोन थरांपैकी एक जास्त फुगतो. दोन थर वेगवेगळे आटले तरी असंच काही घडतं: न धुतलेल्या सैल सुती कापडावर न आटणारं पॉलिस्टर ठेवा, तीन-तीन सेंमीच्या चौकटीत शिवा आणि गरम पाण्यात धुवा. सुती आटतं, वरचं कापड चौकटींमधून फुगून येतं. किती आटेल हे कापडागणिक बदलतं, म्हणून आधी हातभर तुकड्यावरच करून बघा.

रंग

फोटोवरून रंग घेऊ नका. कॅमेरा उजेडानुसार स्वतःच रंग सुधारून घेतो आणि पडदा त्यात आपली भर घालतो. वस्तू आणि दोरे दिवसाच्या उजेडात, पण थेट उन्हात नाही, असे शेजारी ठेवा. राखाडी कार्डाला १ सेंमीचं भोक पाडून त्यातून पानाचा एकेक भाग पाहा. आजूबाजूचे रंग झाकले गेले की जे ‘हिरवं’ वाटत होतं ते पिवळट, करडं किंवा चक्क जांभळट निघतं.

मग ३ × १५ सेंमीच्या कार्डावर दोरे गुंडाळा, ज्या प्रमाणात रंग वस्तूत दिसतात त्याच प्रमाणात. वाळक्या पानाला बहुधा पाच-सहा छटा लागतात, पण त्यांतल्या दोनच कार्डाचा मोठा भाग व्यापतात. एखादी छटा दोन-तीन वेढ्यांपुरतीच असते, आणि नेमकी तीच काढून टाकायचा मोह होतो. काढू नका. ती काढून गुंडाळी पुन्हा बघितलीत तर कारण कळेल, उरलेले रंग मेल्यासारखे दिसतात.

विकतचा हिरवा दोरा पानापुढे नेहमीच भडक पडतो. सहा पदर सुटे करा आणि सुईत एक पदर हिरवा व एक मळकट तपकिरी किंवा फिका विटकरी असा जोडीनं ओवा. दोन हातांवरून पाहताना डोळा ते मिसळून घेतो आणि हिरवा खाली बसतो. पानाची मागची बाजू दाखवायची असेल तर तोच हिरवा फिका करून भागत नाही, तो थोडा करडाही करावा लागतो.

कमी करणं

चौकटीतून निवडलेली जागा १२ × १२ सेंमीला मोठी करा. तिच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून दिसतील तेवढ्या रेघा काढा, चाळीसेक होतील. त्यावर दुसरा पेपर ठेवून पंधराच रेघा घ्या. तिसऱ्यावर सहा. कुठली रेघ ठेवायची हा प्रश्न अडला तर वस्तू झाकून आठवणीनं काढा. आठवणीत टिकलेली रेघ ठेवायची. बहुतेकांचा नमुना दुसऱ्या आणि तिसऱ्या कागदाच्या मधे कुठेतरी असतो.

हे कमी करणं केवळ आवडीचं नाही, दोऱ्याची जाडी ते करायला लावते. दोन पदरी दोऱ्याची रेघ साधारण १ मिमी जाड पडते. दोन रेघांत फारच कमी जागा ठेवली तर त्या हाताभरावरून एकच पट्टा दिसतात. पेन्सिलनं काढलेलं जाळीदार पान जसंच्या तसं दोऱ्यात उतरवायला गेल्यावर गिचमिड होते ती यामुळेच.

आता त्या सहा-पंधरा रेघांच्या वर एका ओळीत लिहा की हा नमुना कोणत्या गुणाबद्दल आहे. ‘उपशिरा कडेजवळ वळून एकमेकींना मिळतात.’ ‘साल उभी फाटते, आडवी नाही.’ एवढंच. दोन गुण लिहावेसे वाटले तर दोन नमुने करा.

टाका गुणावरून ठरतो

ओळ लिहिली असेल तर टाका निवडणं अवघड जात नाही. वाहती, वळणारी रेघ असेल तर देठाचा टाका. जाड रेघ जिला बाजूला कड हवी, तिथे साखळी टाका. दातेरी कडेला काजाचा टाका, त्याचे पाय कमीजास्त लांब घेतले की कड कातरलेली दिसते. बिया, परागकण, दगडफुलाचे ठिपके यांना फ्रेंच नॉट. सालीला काउचिंग: जाड सूत कापडावर आडवंतिडवं ठेवून बारीक दोऱ्यानं जागोजागी बांधायचं. सालीच्या भेगांसाठी ॲप्लिकेच्या कडा न दुमडता तशाच विस्कटू देणं सर्वांत सोपं आणि सर्वांत खरं. कापडाची पट्टी उरेपमध्ये, म्हणजे धाग्यांना तिरकी, कापली तर ती वळणावर बसते पण फारशी विस्कटत नाही, सरळ धाग्यात कापली तर विस्कटते पण वळत नाही. काय हवं ते ठरवून कापा.

सॅटिन टाका सगळ्यात शेवटी. तो सपाट चमक देतो, म्हणून तुकतुकीत बी किंवा कोवळ्या पानाला शोभतो, खरखरीत गोष्टीला नाही. टाका ८–१० मिमीपेक्षा लांब झाला तर सैल पडून अडकतो. रुंद जागेला लाँग अँड शॉर्ट (आलटून-पालटून लांब व आखूड टाके) घ्या आणि टाक्यांची दिशा उपशिरांच्या दिशेनं ठेवा, मधल्या शिरेला समांतर नको.

आकृती उतरवायला कागद खिडकीच्या काचेला चिकटवून त्यावर कापड धरा आणि पाण्यानं जाणाऱ्या पेननं गिरवा. इस्त्री करण्याआधी थंड पाण्यानं खुणा पूर्ण काढा, कारण काही पेनच्या खुणा उष्णतेनं पक्क्या होतात. दोरा ४५ सेंमीपेक्षा लांब घेऊ नका, तो घासून केसाळतो. सुई दोन पदरांना ८ किंवा ९ क्रमांकाची, तीन-चार पदरांना ७. वळणावर टाका २–३ मिमी, सरळीवर ४–५. वळणावर लांब टाके घेतले की कमान तुटक कोनांची होते आणि नेच्याची गुंडाळी तारेच्या आकड्यासारखी दिसते. रिंगमधून काढल्यावर कापड आक्रसलं तर दोरा ओढला गेला आहे किंवा रिंगमध्ये कापड सैल होतं. दर बैठकीत पुन्हा ताणून घ्या आणि काम थांबलं की रिंग काढून ठेवा, नाहीतर वळ राहतो.

निम्मं झालं की नमुना भिंतीला टाचून दोन मीटरवरून बघा, नंतर फोनवर त्याचा कृष्णधवल फोटो काढा. रंग गेल्यावर सगळं एकाच करड्यात मिसळलं तर गडद-फिक्यात फरक कमी आहे. अशा वेळी नवी छटा आणण्यापेक्षा आहे त्याच रंगाचा एक खूप गडद दोरा मोजक्या ठिकाणी घाला.

आवर्तन हवं असेल तर

१० × १० सेंमीच्या कागदावर कडांना न लागता मधोमध आकृती काढा. कागद उभा मधोमध कापून डावा-उजवा तुकडा अदलाबदल करून चिकटवा, मग आडवा कापून वरखाली तसंच करा. मधे रिकामी झालेली जागा भरली की चारही बाजूंनी जुळणारा ठसा मिळतो. त्याच्या आठ-नऊ प्रती शेजारी मांडून मगच पुढे जा, कारण एका प्रतीत न दिसणारी आडवी किंवा तिरपी रांग नऊ प्रतींत ढळढळीत दिसते. रांग खटकली तर प्रत्येक दुसरा उभा स्तंभ अर्ध्या ठशानं खाली सरकवा.

नमुन्यावरून मोठं काम

१२ सेंमीचा नमुना जमला की तोच चारपट मोठा करून ४८ सेंमीचा पडदा करावासा वाटतो. आकृती मोठी होते पण टाका होत नाही, त्यामुळे नमुन्यात दाट दिसलेला भाग पडद्यावर विरळ आणि पोरका दिसतो. यावर दोन उपाय आहेत. एक तर आकृती तेवढीच ठेवून तिची संख्या वाढवायची. सूर्यफुलाच्या रीतीला हे छान लागू पडतं. नाहीतर दोऱ्याची जाडी त्याच पटीत वाढवायची: दोन पदरांऐवजी लोकर, दोरी, कापडाच्या वळलेल्या पट्ट्या. लाँग अँड शॉर्टच्या भरावाला दुसरा उपाय चालत नाही, त्याची बारीक सरमिसळ जाड दोऱ्यात उरत नाही.

आणखी एक हिशोब. लांबी-रुंदी चारपट झाली की क्षेत्र सोळापट होतं. नमुन्याला सहा तास लागले असतील तर त्याच दोऱ्यानं, त्याच दाटीनं पडद्याला शहाण्णव लागतील. तेव्हा नमुन्याच्या मागे झाडाचं नाव, निवडलेला गुण, दोऱ्यांचे क्रमांक आणि किती पदर घेतले यांच्या जोडीला लागलेले तासही लिहून ठेवा.